अर्धं कार्ड

पिवळ्या पुठ्ठ्याचा अर्धा तुकडा. पडद्याकडे उतरत जाणारी जमीन आणि तिच्यावर विटांच्या आधाराने उभी केलेली पुस्तकांची कपाटं. न कुरकुरता उघडणारं दार.

आमचं बंद पडलेलं थिएटर वाचनालय झालं, त्या सकाळची ही गोष्ट. मी ग्रंथपाल आणि दारावर थिएटरचेच जुने डोअरकीपर, मामा. पहिल्या वाचक आजीबाईंनी कोरं कार्ड पुढे केलं. मामांनी सवयीने ते टर्रकन फाडलं, अर्धं स्वतःकडे ठेवलं आणि म्हणाले, "बाल्कनी वरती."

मी धावत पोचेपर्यंत आणखी चारपाच कार्डं फाटली होती. वाचनालयाच्या अध्यक्षांचा पारा चढला. "मामा, उद्यापासून घरी बसा."

मामांनी मान खाली घातली. पण हातातले तुकडे त्यांनी ओळीने लावून धरले होते.

ते पाहून मला सुचलं. "साहेब, राहू द्या त्यांना. पुस्तक बाहेर असेल तोवर अर्धं कार्ड मामांकडे. पुस्तक आलं, फाटलेली कड जुळली, की अर्धं परत."

"आणि मध्यंतर कधी?" आजीबाईंनी विचारलं.

अध्यक्षांनाही हसू आवरेना. "बरं मामा, पण फाडायचं ते एकदाच फाडा."

आजही तसंच चालतं. मामांची पेटी अर्ध्या कार्डांनी भरली की मला बरं वाटतं; तेवढी पुस्तकं घराघरांत असतात.

थिएटर बंद होतं तेव्हाही मामा अधूनमधून येऊन दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून जात.