उकळीला ब्रेक

संत्र्याची साल किसताना पांढऱ्यापर्यंत जायचं नाही. पांढरं लागलं की कडू लागलं.

शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो.

कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक काचेची बरणी आहे. सध्या तिच्यात फक्त चिमटा आहे.

'आणि कन्या.' रंग पिवळा. अजून ओला आहे, हात लावू नये.

चढावर गाडी थांबवून पुन्हा निघताना घाई करणारा मागे जातो, आणि घाबरणाराही मागेच जातो.

घरात ओव्हन नाही.

पहिला गिअर

तर हे सगळं एकाच घराचं.

घरातले कर्ते म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. अर्धं शहर त्यांच्या हाताखाली क्लच सोडायला शिकलं होतं आणि उरलेलं अर्धं त्यांची गाडी दिसली की रस्ता सोडायला. उभी हयात दुसऱ्याच्या शेजारी बसून काढल्यामुळे त्यांचा उजवा पाय त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता. टीव्हीवर गाडी वळली की तो सतरंजीत रुतायचा. बायको जिना जरा भरभर उतरायला लागली की हा वरच्या पायरीवर दाबला जायचा. झोपेतसुद्धा पांघरुणाचा पायथा दर रात्री तोच उसवायचा.

त्यांच्या लेकीनं विमा कंपनीतली नोकरी सोडली होती. कुणाला न विचारता, जेवणाच्या सुट्टीत, हात धुता धुता ठरवून. तिला कुकीज करायच्या होत्या. संत्र्याच्या, ओट्सच्या, भाजायची भानगड नसलेल्या. ओव्हन नव्हताच, तेव्हा त्याच जमण्यासारख्या होत्या. कॉफीवाल्याला आधी कुकीज पुरवणारी बाई दुसऱ्या शहरात गेली होती आणि त्याची बरणी रिकामी पडली होती. तो म्हणाला, आज पाच वाजता नमुना घेऊन या. आवडला तर बरणी तुमची. नाही आवडला तर उद्या दुसरं कुणीतरी येतंय.

आणि नाहीच जमलं, तर लेक मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर बसणार होती. तसा शब्दच दिला होता तिनं. मास्तरांनी तो ऐकला आणि लगेच रंगाऱ्याला बोलावलं. पाटीवर शाळेच्या नावाखाली 'आणि कन्या' लिहायला बरीच जागा मोकळी होती.

"अहो, तिचं अजून व्हायचंय ना आज?" मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या.

"रंगारी आज मोकळा होता," मास्तर म्हणाले होते.

गाडी बंद पडली

पातेल्यात लोणी, साखर, संत्र्याचा रस आणि वर थोडं लिंबू. मध्यम आच. उकळी आली की तिला अख्खं एक मिनिट खळखळू द्यायचं. मग गॅस बंद, ओट्स आत, किसलेली साल आत, भराभर ढवळायचं, चमच्यानं कागदावर गोळे घालायचे आणि ट्रे फ्रिजमध्ये. एवढंच. सगळा खेळ त्या मिनिटाचा. कमी पडलं तर गोळा धरत नाही, जास्त झालं तर भुगा होतो.

मास्तर लिंबू कापायला म्हणून स्वयंपाकघरात आले आणि तिथेच उभे राहिले.

पातेल्यात फेस चढला. पिवळा, फुगरा, कडेच्या दिशेनं निघालेला. मास्तरांचा उजवा पाय फरशीत दाबला गेला. फरशी काही थांबली नाही, तेव्हा हात पुढे झाला आणि गॅस बंद झाला.

"बाबा!"

"उतू जात होतं."

"जात नव्हतं."

"जाणार होतं."

लेकीला वाटलं, झाली असेल तेवढी पुरे. फ्रिज उघडून पाहिलं तेव्हा गोळे कागदावर पसरून एकमेकांच्या गळ्यात पडले होते. मास्तरीणबाईंनी त्यातला एक चमच्यानं उचलून खाल्ला. "चवीला झकास आहे गं," त्या म्हणाल्या, "पण बरणीत नाही, वाटीत द्यावं लागेल."

पुन्हा किल्ली फिरवा

दुसऱ्या खेपेला लेकीनं मास्तरांना टेबलाशी बसवलं. शेगडीकडे पाठ, हातात किसणी, समोर संत्रं. "तुम्ही फक्त साल किसा. वरचा केशरी भाग. पांढरं नको."

मास्तर किसायला लागले, आणि किसलंही सुरेख. पण कानांना कुठे पाठ असते? मागे आधी बुडबुड ऐकू आली, मग खळखळ, मग ती खळखळ दाट झाली, आणि मास्तरांच्या डोळ्यांपुढे एक पातेलं उतारावरून सुसाट सुटलं, समोर भिंत, स्टिअरिंगवर शिकाऊ माणूस...

गॅस बंद.

कधी उठले, कधी पोचले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. हातात किसणी तशीच होती.

लेक फोनकडे पाहत होती. मोजणी अर्ध्यावर होती. तिनं फोन पालथा ठेवला, अगदी हळू. मास्तरांना तिचं ओरडणं परवडायचं, हे हळू नाही परवडायचं.

"तुम्हाला हे व्हायलाच नकोय ना?"

"वेडी आहेस का?"

"पाटी रंगवून झाली म्हणे."

"तो रंगारी मोकळा होता म्हणून..."

"बाबा."

मास्तरांनी किसणी टेबलावर ठेवली. शपथ घ्यायला काही हरकत नव्हती. हात आपोआप गेला होता, हे खरंच होतं. पण सकाळी रंगाऱ्यानं शेवटचा काना ओढला तेव्हा रस्त्याच्या पलीकडे जाऊन त्यांनी ती पाटी नीट निरखली होती आणि मनात आलं होतं, भरल्यासारखी दिसते आता. तेही खरंच होतं. यातलं कुठलं खरं हाताला जाऊन मिळालं, हे ते कसं सांगणार?

दुसरा ट्रेही ढिलाच निघाला. ओट्स होते, लोणी होतं. संत्रं एकच उरलं होतं, त्याची साल मास्तरांनी आधीच किसून ठेवली होती, आणि घड्याळ चारच्या पुढे सरकलं होतं.

न्यूट्रल

"बाहेर जा तुम्ही," लेक म्हणाली.

"बाहेर गेले तर सिलिंडरचा कॉक बंद करतील," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझं ऐक. डोळ्यांसमोर ठेव त्यांना. अहो, बसा खुर्चीत. पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"मांडी घाला. पाय जमिनीला लागता कामा नये."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर कडेवर घेतलं असतं. घाला मांडी."

मास्तरांनी मांडी घातली.

"आता हात."

मास्तरीणबाईंनी त्यांच्या एका मुठीत एक लिंबू दिलं आणि दुसऱ्या मुठीत दुसरं. "सोडलीत तर बघा."

अशा रीतीनं अर्ध्या शहराला गाडी शिकवलेला माणूस खुर्चीत मांडी घालून, दोन्ही मुठींत लिंबं धरून, पातेल्याकडे पाहत बसला.

लोणी विरघळलं. साखर बुडाली. शेवटच्या संत्र्याचा रस पडला आणि सगळं स्वयंपाकघर वासानं उजळून निघालं. लेक ढवळत होती. कडेला एक बुडबुडा, मग चार, मग मधोमध एकदम उसळी. तिनं फोनवर बोट टेकवलं.

फेस चढायला लागला.

"छकुली," मास्तर म्हणाले.

"हं."

"बघते आहेस ना?"

"हं."

"कडेला आलं. छकुली, ते उतू..." मांडी सुटायला लागली होती. लिंबं वर उचलली गेली होती.

लेक वळली नाही. पातेल्याकडे पाहत, आज भाजी काय आहे हे सांगावं तशी म्हणाली,

"मी गाडी समोरच्या शाळेत शिकले."

रिव्हर्स

इथे जरा मागे जाऊन यावं लागेल.

मास्तरांच्या काउंटरमागे भिंतीवर लेकीचा एक फोटो आहे. हातात लायसन्स, चेहऱ्यावर हसू. परीक्षा पहिल्या झटक्यात पास. येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ माणसाला मास्तर तो फोटो दाखवतात. "बघा, ही आमची पद्धत," असं म्हणतात. मग रस्त्यापलीकडच्या शाळेकडे बोट दाखवून म्हणतात, "नाहीतर ती हॉर्नवाली. तिच्याकडे आधी हॉर्न शिकवतात, मग गाडी."

पुन्हा न्यूट्रल

"कुठे?" मास्तर म्हणाले.

"समोर. बाईंकडे."

"त्या हॉर्नवालीकडे?"

"छान शिकवतात हो त्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान वळवली. "तुला काय माहीत?"

"मीच सोडायला जायचे हिला. तुम्ही सकाळची बॅच घेऊन गेलात की."

"पण मी शिकवलं ना तुला! महिनाभर! मैदानात!"

"शिकवलंत," लेक म्हणाली. हात ढवळतच होता. "पण बाबा, तुमच्या गाडीत मला कधी कळलंच नाही, ब्रेक मी लावला की तुम्ही. गाडी थांबायची. दर वेळी छान थांबायची. मला कसं कळणार मला येतं का?"

मास्तरांना पुष्कळ काही म्हणायचं होतं. फोटोबद्दल म्हणायचं होतं. पद्धतीबद्दल म्हणायचं होतं. एक क्षण तर त्यांना वाटलं, आत्ता रस्ता ओलांडून जावं आणि त्या बाईला विचारावं की फी किती घेतली. त्यांनी लिंबं इतकी आवळली की नखं सालीत रुतली. पाय कुठे आहेत, पातेलं कुठे आहे, याची शुद्धच उरली नाही.

फोन वाजून वाजून थकला होता. लेकीनं गॅस बंद केला. ओट्स, साल, भराभर, भराभर.

"हे आत्ता का सांगितलंस?" मास्तरांनी विचारलं.

"मला एक मिनिट हवं होतं."

थांबा

ट्रे फ्रिजमध्ये. तिघं फ्रिजसमोर.

मास्तरांचा फोन वाजला. रंगारी होता. दुसरा हात मारायला कधी येऊ, विचारत होता, पहिला आता वाळत आलाय. मास्तरांनी फ्रिजच्या दाराकडे पाहिलं, मग लेकीकडे. ती नखानं फ्रिजवरचा डाग खरवडत होती आणि ऐकत नसल्याचं सोंग करत होती.

"दुसरा हात राहू दे," मास्तर म्हणाले. "अजून काही नक्की नाही म्हणून सांगतोय. खरं म्हणजे... खरं म्हणजे राहूच दे."

मुठींतली लिंबं त्यांनी अजून सोडली नव्हती. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला होता.

दार उघडलं. लेकीनं एका गोळ्यावर टिचकी मारली. टक.

मागची सीट

शाळेच्या गाडीनंच जायचं ठरलं, दुसरी गाडी होती कुठे? मास्तरांनी सवयीनं शेजारच्या सीटचं दार उघडलं. लेकीनं तिथे डबा ठेवला आणि त्याला पट्टा लावला.

मास्तर मागे बसले. मागे ब्रेक नसतो. आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. ती इतकी टणक आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या वळणाला पाय दाबला गेला. गाडीनं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वळणाला पुन्हा. समोरून सायकलवाला आडवा आला तेव्हा तर मास्तर अर्धे उभेच राहिले, पण लेकीनं गाडी आधीच हळू केली होती, इतकी अलगद की डब्यातून आवाजसुद्धा आला नाही. ती ब्रेक मास्तरांपेक्षा उशिरा लावत होती. आणि गाडी तरी थांबत होती.

"आरसा बघतेस का मधून मधून?" त्यांनी विचारलं.

"बघते. तुम्ही दिसता त्यात."

हॉर्न तिनं एकदाही वाजवला नाही. याची मास्तरांनी मनात नोंद घेतली आणि त्यांना त्या बाईंचा जरासा रागच आला.

कॉफीवाल्यानं डबा उघडून वास घेतला. एक कुकी उचलली, चावली. कडेचा तुकडा तुटून गल्ल्यावर पडला.

"जरा चुरा पडतोय," तो म्हणाला.

मास्तरांनी तोंड उघडलं. लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी तोंड मिटलं.

"उकळी आज मिनिटापेक्षा जास्त झाली," ती म्हणाली. "मध्ये घरात बोलणं निघालं. उद्या नाही व्हायचं तसं."

कॉफीवाला चावत राहिला. बोटानं गल्ल्यावरचा चुरा गोळा केला आणि तोही तोंडात टाकला. मग विचार केल्यासारखं करून दुसरी कुकी घेतली, जी घ्यायची काही गरज नव्हती.

"साल छान उतरवलीय," तो म्हणाला. "कडूपणा नाही अजिबात."

"ती बाबांनी किसलीय."

"मग काका, तुम्हालाही किसायला बसावं लागेल रोज." त्यानं बरणीतला चिमटा बाहेर काढला आणि फडक्यानं पुसला. "उद्या सकाळी घेऊन या. भरूनच टाकू."

लेक जन्मली त्या दिवशी दवाखान्यापर्यंत गाडी तिच्या आईनं चालवत नेली होती, आणि मास्तर शेजारच्या सीटवर बसले होते.