पिवळी फीत

आर्नहेम या डच शहराबाहेरच्या एका कुरणात शनिवार-रविवार चौदावं शतक भरायचं. आठवडाभर विमा विकणारे, नळ जोडणारे लोक तिथे चिलखत घालून सरदार व्हायचे. या हौशी मंडळाच्या बावन्न सभासदांत चाळीस सरदार. प्यादं व्हायला कुणी राजी नाही. हा हिशेब शर्मिलानं पहिल्याच महिन्यात मनाशी मांडून ठेवला होता.

खरं काम पागेत होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली शर्मिला तिथे आधी लीद काढायला लागली, आणि सात वर्षांनी, या हिवाळ्यात, पागेची प्रमुख झाली. नवरा, नरेंद्र, घरी म्हणायचा, "सरनोबत, चहा मिळेल का, की अर्ज करू?"

"कर. दोन प्रतींत."

हे पद तिला दिलं योपनं. बावीस वर्षं ते त्यानंच सांभाळलं होतं. आता त्याला एकाहत्तरावं लागलं होतं. पागेचा नियमही त्याचाच. दर एप्रिलला प्रत्येकानं पूर्ण चिलखतात, स्टुलाशिवाय, जमिनीवरून घोड्यावर मांड ठोकायची. प्रयत्न दोनच. जमलं तर प्रमुख लगामाला पिवळी फीत बांधणार. नाही जमलं तर वर्षभर खेळात स्वारी बंद. "मैदानात पडलात तर स्टूल कोण आणणार, तुमची आई?" असं योप विचारायचा. शर्मिलाला त्यानं दोन वर्षं नापास केलं. तिसऱ्या वर्षी फीत बांधताना त्याचे डोळे भरून आले, तर म्हणे सर्दी झालीय.

यंदा सगळ्यांत शेवटी योप आला. त्याची म्हातारी घोडी ब्लेस शहाण्यासारखी उभी राहिली. पहिल्यांदा पाय रिकिबीत गेला, पण अंग उचललं गेलं नाही. दुसऱ्यांदा गुडघ्यानं दगा दिला आणि तो खोगिराला लोंबकळला. चिलखत खणखणलं.

"वारा फार आहे आज," एक सरदार म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं.

शर्मिला पुढे झाली आणि ब्लेसच्या लगामाला फीत बांधून मोकळी झाली. टाळ्या पडल्या, जरा जास्तच.

योपनं हातमोजा काढला. गाठ सोडली. फीत तिच्या तळहातावर ठेवली.

"योप, एकच वर्ष," ती म्हणाली. "हे सगळं तुम्हीच तर उभं केलंत."

"प्रेमळ माणसं इथे चाळीस आहेत. त्यांतलं कुणीही प्रमुख झालं असतं. मी तुला का केलं?"

उत्तर तिला ठाऊक होतं.

तीन आठवडे तो फिरकला नाही. ब्लेस कुंपणाशी, गाड्या लागतात तिकडे तोंड करून उभी असायची. चौथ्या शनिवारी शर्मिलानं परीक्षेची वही काढली. मागची सगळी पानं योपच्या अक्षरातली. यंदाच्या पानावर त्याच्याच नावापुढचा रकाना कोरा होता. तिथे तिनं 'नापास' लिहिलं, तारीख घातली, सही केली.

दुपारी तो आपलं खोगीर न्यायला आला. तिनं वही पुढे धरली. त्यानं चष्मा लावला आणि परक्या कुणाचं नाव वाचावं तसं वाचलं.

"तारीख चुकलीय. परीक्षा आज नव्हती."

"तुम्ही दुरुस्त करा ना."

"मी? प्रमुख कोण आहे?"

तिनं तारीख खोडली, परीक्षेच्या दिवसाची घातली. अक्षर जरा वेडंवाकडं आलं. योपनं मान डोलावली आणि खोगिराला हात घातला. ते त्याला उचलेना. शर्मिलानं दुसरं टोक धरलं, आणि त्यानं धरू दिलं.