चार बोटांचं अंतर

यंत्राच्या लोखंडी दात्याच्या टोकाला ओल्या मातीचं ढेकूळ लोंबत होतं, आणि त्यातून गवताची मुळं बाहेर आली होती... तांबूस, बारीक, नुकत्या जन्मलेल्या पोराच्या टाळूवरच्या जावळासारखी. शालूबाई बघतच राहिली. कापलेलं गवत उधळायचं, खालची ओली बाजू उन्हाला दाखवायची, एवढंच या यंत्राचं काम. पण वखारीतून आणून बैलांना जुंपल्यापासून ते कुरवंड्याचा माळच उकरत सुटलं होतं.

"हात हाय का काटकी!" अंबाजी खेकसला. "तुज्या बोटांवर भरवसा ठेवला, न् समदं गवात मातीत गेलं."

दाते जमिनीपासून चार बोटं वर ठेवा, असं वखारीच्या माणसानं बजावलं होतं. अंबाजीनं स्वतः दाते खाली-वर करायचा दांडा धरला आणि मोजायला हिला वाकवलं. करंगळी मातीला टेकवून तिनं हात दात्यांखाली धरला होता, श्वास रोखून. माप बाप्याच्या हाताचं आणि हात बाळंतिणीचा, वाळलेला — मग दाते खाली बसणार नाहीत तर काय? पण हे थोरल्या दिराला सांगायचं कुणी? सांगणारा तिचा नवरा नथू सरकारच्या पलटणीतून बसऱ्याच्या लढाईवर गेला आणि श्रावणात त्याच्या मरणाची नुसती खबर आली... तेव्हापासून या घरात तिच्या तोंडाला कुलूप होतं. आज सकाळी तर अंबाजी भाकरी मोडता मोडता म्हणाला होता, "गवात उरकलं की म्हायेरची वाट धर. पोरगं मातुर हितंच ऱ्हाईल. ते आमच्या घरचं हाय." सासू, बयाबाई, चुलीपुढं होती. तिनं भाकरी उलटली.

"आता मीच हात घालतो. तू दांडा धर. निसटला तर बघ."

तो गुडघ्यांवर बसला. तिनं दांडा खाचेतून उचलला, आणि सगळ्या लोखंडाचं ओझं खांद्यातून पाठीत, पाठीतून टाचांत उतरलं. त्याचा हात दात्यांखाली होता — रुंद, केसाळ, भाकरी मोडणारा हात. जांभळीला बांधलेल्या झोळीत पोर रडायला लागलं, आणि तिच्या छातीत कळ आली.

"सोड जरा... आनखी. आनखी, म्हनतो न्हवं!"

ती सोडत गेली. इतकं सोपं असतं? मी फक्त बोटं सैल करायची... बैल हलले म्हणेन, घाम आला म्हणेन, तुमीच म्हनला आनखी, असं म्हणेन...

"बास! अगं बास!"

दांडा थांबला, पण किंचित उशिरा. दात्याचं टोक त्याच्या बोटाच्या पेरावर टेकलं होतं. अंबाजीनं वर पाहिलं, आणि तिनं नजर काढून घेतली नाही. त्यानं हळूच हात मागं घेतला, मग तिनं दांडा खाचेत बसवला.

"लेकरू रडतंय, भावजी. पाजाया जाते."

"जा," तो म्हणाला. "जा की..." आणि बोट चोळत राहिला.

जांभळीखाली तिनं पोर मांडीवर घेतलं. रागाचं दूध लेकराला बाधतं, पहिल्या धारा मातीत सोडाव्यात — आई सांगायची. तिनं एक धार सोडली, दुसरी सोडली. पाचोळ्यावर पांढरे थेंब पसरले, त्यांना मुंग्या लागल्या. राग तसूभर निवला नव्हता. अशा किती धारा सोडायच्या? सगळंच मातीत द्यायचं? मग याच्या वाट्याला काय... उद्या ओढून नेलं याला, तर आईचं म्हणून याच्यापाशी काय उरणार?

तिनं पोराला छातीशी लावलं. ते आधी ठसकलं, मग डोळे मिटून ओढू लागलं. माळावर यंत्र पुन्हा खडखडलं. पी, राजा... हा रागही पी, ती मनात म्हणाली, आणि त्याच्या घामेजल्या कपाळावरून बोट फिरवत राहिली.