सातेरीचं वारूळ

“सगुणबाब, काल हे सपाट केलं होतंत ना?” कृष्णनाथसाहेबांनी विचारलं.

“केल्लां, साहेब. परवांय केल्लां.”

समोर पुरुषभर उंचीचं तांबडं वारूळ पुन्हा उभं होतं. देवबंदीचा कायदा येऊन एकेचाळीस वर्षं झाली होती. देवळं कधीच जमीनदोस्त झाली. लाटंबार्शे गावच्या काजूबागेतलं हे वारूळ, म्हणजे सातेरी देवीचं रूप, तेवढं परवापर्यंत देवबंदी खात्याच्या नजरेतून सुटलं होतं. सगुणने जन्मभर, आधी खाणीवर आणि मग खात्यात, पोकलेन मशीन चालवलं. किती देवळं पाडली ते त्याला आता आठवतही नसे. निवृत्तीला बारा दिवस उरले होते. घरी जाऊन नुसतं पडून राहावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

साहेब गाडीत जाऊन बसले. सगुणने मशीन सुरू केलं, बकेट उचलली, आणि वारुळाला टेकून बसलेली बाई त्याला दिसली.

“गे बाये, उठ थंयसून! मशीन येता.”

ती हलली नाही. तो कुरकुरत खाली उतरला, जवळ गेला आणि थबकला. बाई साठीची, काळीसावळी. दोन्ही दंडांवर बकेटच्या दातांचे वळ होते. काही ताजे, काही काळेनिळे. लुगड्याच्या निऱ्या खाली जाता जाता मातीच होत गेल्या होत्या.

लहानपणी आईने जोडायला शिकवलेले हात आपसूक वर आले आणि अर्ध्यावरच राहिले.

“दुखता?” एवढंच त्याला सुचलं.

“दुखता मरे. रातभर माती जोडतंय, सकाळी तू येतस. तू पण दमलस, मी पण दमलंय.”

“मगे जा ना खंय तरी.”

“खंय जाऊ? बाकीची घरां तूच मोडलंस.”

तिच्या आवाजात राग असता, तर सगुणला बरं वाटलं असतं.

त्याने इंजिन बंद केलं आणि चावी साहेबांच्या हातात दिली.

“थंय बाई बसल्या, साहेब. माझ्यान जावचा नाय.”

साहेबांनी तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काच वर घेता घेता म्हणाले, “मला कोणी दिसत नाही.” त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. “नकाराला आठ वर्षांची शिक्षा आहे, सगुणबाब.”

“जाणा. माका ठावक आसा.”

उन्हं चढली. साहेबांनी बोलावलेली पोलिसांची गाडी बागेच्या तोंडाशी येऊन थांबली, तेव्हा सगुण तिच्या शेजारी मांडी घालून बसला होता. बाटलीतल्या पाण्यात माती कालवून तिच्या खांद्याची भेग लिंपत होता. जन्मात कधी काही बांधलं नसल्याने हात वाकडेतिकडे पडत होते. ती खांदा पुढे करून बसली होती.