कानसेनाचा अ‍ॅम्प्लिफायर

मित्रांनो, टॅक्सीच्या सीटखाली अठरा वर्षं काढलेला मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. टेपमधला बारीक आवाज मोठा करून स्पीकरकडे पोचवायचा, एवढंच माझं काम. कारखान्यात माझ्यासारखे हजारो घडले, पण मला मालक मिळाला तो कानसेन! टॅक्सीवाले त्याला याच नावानं हाक मारत. नुसत्या आवाजावरून अ‍ॅम्प्लिफायर ओळखतो, अशी त्याची फुशारकी होती. प्रवाशांनी आवाजाची तारीफ केली, की माझ्या पत्र्याच्या अंगावरही मूठभर मांस चढे.

त्याची लाडकी कॅसेट एकच. सहा वर्षांची असताना त्याच्या लेकीनं तिच्यात गाणं म्हटलं होतं आणि प्रत्येक कडव्यानंतर सायकलची घंटी वाजवली होती. रोज सकाळी पहिलं भाडं मिळेपर्यंत आम्ही दोघं ते ऐकत असू.

मग तो कुरकुरू लागला. "घंटी ऐकूच येत नाही. हा म्हातारा झाला!" मी जीव तोडून वाजत होतो, पण माझी बाजू कोण मांडणार? त्यानं टॅक्सी दुकानात नेली आणि मला काढून नवा बसवला. दुकानदारानं नव्याचा आवाज गुपचूप किंचित वाढवून दिला. मोठं ते गोड, हे या धंद्यातलं जुनं गुपित. मी दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलो. सीटखालच्या त्या अंधाऱ्या जागेची किती आठवण येई म्हणून सांगू!

आठवड्यानं कानसेन परत आला. सोबत लेक होती, आता चांगली नोकरी करणारी.

"या नव्यातही घंटी नाही!" तो म्हणाला.

दुकानदार वैतागला. त्यानं मला, नव्याला आणि एका महागड्याला चादरीखाली ठेवलं, तिघांचा आवाज मोजून सारखा केला आणि आळीपाळीनं तीच कॅसेट लावली.

"ओळखा, काका."

कानसेनानं डोळे मिटून ऐकलं. "तिन्ही सारखेच. तिन्ही बाद."

"सारखेच आहेत, बाबा," लेक म्हणाली. "पण घंटी तिन्हींत आहे."

"कुठे?"

घंटी तेव्हा वाजतच होती. लेकीनं त्याचा हात घट्ट धरला. धडधाकट असलो आणि कुवतीबाहेर ताणलं नाही, तर आम्हा भावंडांत ऐकून कळेल असा फरक नसतो, हे सिद्ध झालं होतं. तरी मला आनंद झाला नाही.

महिन्याभरानं तो कानामागे चिमुकलं यंत्र लावून आला. नवा गुणी होता, त्याला टॅक्सीतून काढायचं कारण नव्हतं. कानसेनानं माझ्यावरची धूळ पुसली आणि दुकानदाराला म्हणाला, "दोन वर्षं पोरगी काहीबाही सांगायची, आणि मी नुसता हसून मान डोलवायचो रे."

मित्रांनो, मला कुणी परत नेईल की नाही, ठाऊक नाही. पण तुमच्या घरातलं कुणी तुमच्या बोलण्यावर नुसतंच हसत असेल, तर चिडू नका. जवळ जाऊन बसा आणि तेच पुन्हा एकदा सांगा.