पोळ्याच्या चपला

फारूकने दोन्ही खांद्यांचा जोर लावून स्टिअरिंग ओढलं. पुढचं चाक मडगार्डला खर्रकन घासलं आणि तिथेच अडलं. नाल्याकाठचं वळण अजून संपलं नव्हतं, गाडी मात्र नाकासमोर चालली होती. त्याने ब्रेक दाबला तोवर चाक कडेच्या चिखलात उतरलं.

मागच्या सीटवर रंभा कळांनी विव्हळत होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली पोर. तिचं डोकं मांडीवर घेऊन इंदुताई पुढे बसलेल्या नवऱ्याच्या मानेकडे पाहत होत्या. लेकीला दवाखान्यात न्यायचं तरी कानात अत्तराचा फाया होताच.

"जोर लाव ना बे, फारूक," गुणवंतराव म्हणाले.

"जोर लावून काय होते, मालक? टायर मोठे पडून राह्यले. पुरं वळवलं का घासते. जुने होते तवा कशी सुतासारखी वळे गाडी!"

जुने! मूल गावचे व्याही उंच जीप घेऊन आले, तिच्या शेजारी आपली गाडी बुटकी दिसली, एवढंच निमित्त. गुणवंतरावांनी लष्कराच्या लिलावातले थोराड टायर आणून चढवले. बरं, जुने तरी ठेवावेत? पोळ्याला गड्यांना धोतरजोडी देण्याची घरची रीत. यंदा धोतरांऐवजी त्या टायरांच्या चपला कापून वाटल्या आणि वर गावभर दानशूरपणा मिरवला. बडा घर पोकळ वासा! त्या दिवशी गड्यांसमोर इंदुताईंना मान वर करवली नव्हती. आज नुसती शिसारी आली.

फारूकने वाजवलेला भोंगा ऐकून शेजारच्या बांध्यांत धान कापणारे लटारू, पत्रू आणि आणखी दोघे गडी धावत आले.

"आधी गाडी काढा रे!" गुणवंतराव ओरडले. "अन् मडगार्डले हात नोका लावू, पत्रा चेपल!"

रंभाने आईचं मनगट करकचून धरलं.

"लटारू," इंदुताई म्हणाल्या, "जागलीच्या मांडवातली खाट आण. सिंदेवाहीचा दवाखाना कोसभरच आहे."

"अवं, पण गाडी..."

"तुमची गाडी तुमच्यापाशी. माही पोर चालली."

रंभाला खाटेवर निजवून चौघांनी ती उचलली. फारूकने किल्ली सीटवर टाकली आणि खांदा पालटायला माणूस हवा म्हणून तोही निघाला.

इंदुताई मागोमाग चालू लागल्या. रात्रीच्या सरीने रस्ता ओला होता. खाट पुढे जात होती आणि तिच्यामागे चिखलात पावलं उमटत होती. त्यांनी खाली पाहिलं. प्रत्येक पावलात तीच नागमोडी नक्षी होती, पूर्वी सारवलेल्या अंगणातून गाडी गेली की मागे राहायची ती.

मागे भोंगा वाजत राहिला. इंदुताईंनी पदर कमरेला खोचला आणि त्या नक्षीवर पाय टाकत त्या सिंदेवाहीकडे निघाल्या.