मागचं डावं चाक

मला यंत्राचा राग येत नाही. यंत्र समजावून सांगणाऱ्यांचा येतो. दोन हजार अठराच्या दसऱ्याला गाडीला नवी अलॉय चाकं बसवली आणि तेव्हापासून समोर काट्यांच्या मधोमध एक पिवळा दिवा पेटायला लागला. टायरातली हवा कमी झाली की पेटतो तो. हवा तर भरपूर होती. पंपावर तीनदा बघून घेतली. सर्व्हिस सेंटरला नेली तर तिथला टाय लावलेला मुलगा म्हणाला, "सर, बाहेरून व्हील्स टाकल्यावर असं होतं." म्हटलं, चाकं बाहेरूनच टाकतात बाबा, आतून टाकायची सोय अजून आमच्याकडं आली नाही. त्याला काही कळलं नाही. त्यानं माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला आणि दिवा तसाच ठेवून गाडी परत दिली.

आम्ही वाघोलीचे. आम्ही म्हणजे मी संपत, आणि माझा थोरला भाऊ रंगराव. रान बिल्डरला गेलं तेव्हा आईनं एकच अट घातली होती, दोघांनी घ्यायचं ते सारखं घ्यायचं. लहानपणी एकाच ताग्यातला कपडा दोघांना शिवायची, तीच तिची रीत. त्यामुळं गाड्या घेतल्या त्या एकाच दिवशी, एकाच शोरूममधून, एकाच पांढऱ्या रंगाच्या. दादाला नवी चाकं घालायची हौस आली तर आई म्हणाली, संपतच्या पण गाडीला घाला. राधा वहिनीच्या चुलतभावाचं बिबवेवाडीला टायरचं दुकान होतं. दोन्ही गाड्या तिथं शेजारी शेजारी लावल्या आणि चारचार चाकं बदलून, झेंडूचे हार घालून घरी आणल्या.

गंमत अशी की घरी दिवा विझायचा. रस्त्याला लागलं, दहा मिनिटं झाली, की पेटायचा. घरी येऊन लावली की परत शहाण्यासारखा विझायचा. मेकॅनिक घरी बोलावला की सगळं ठीक, मेकॅनिककडं गेलो की दिवा. माझी बायको कौशल्या म्हणाली, गाडीला घरची सवय झालीय. दिवाळीनंतर दादा मुलाकडं, विक्रमकडं, खारघरला राहायला गेला. त्या दिवसापासून दिवा घरीसुद्धा विझेना. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही.

उजेड पाडला योगेशनं. यवतमाळचा पोरगा, खराडीत एका गॅरेजात काम करतो, टाय लावत नाही. त्यानं हातात मावेल असं एक यंत्र प्रत्येक चाकाजवळ धरलं आणि मग गाडीला जोडलं. म्हणाला, "काका, प्रत्येक चाकात वॉल्वच्या बुडाशी एक सेन्सर असते. ते हवेचा आकडा गाडीला सांगत राहते. तुमच्या चाकातले चारही चांगले आहेत, पण ते या गाडीचे नाहीत. तुमची गाडी दुसऱ्याच चार सेन्सरची वाट पाहून राहिली आहे."

मी म्हटलं, "दुसरे म्हणजे कुणाचे?"

"चाकं बदलताना शेजारी कोणती गाडी होती?"

मग सगळं लख्ख झालं. बिबवेवाडीत जुन्या चाकांतले सेन्सर काढून दोन ढीग केले असणार, आणि गाड्या जुळ्या असल्यामुळं ढिगांची अदलाबदल झाली असणार. म्हणजे माझे सेन्सर दादाच्या चाकांत आणि दादाचे माझ्या. दोन्ही गाड्या जवळ असल्या की माझ्या गाडीला दादाच्या टायरातली हवा दिसायची, दादाच्या गाडीला माझ्या. दोघीही खूश. लांब गेल्या की दोघींचे दिवे. योगेश म्हणाला, "दोन्ही गाड्या एकत्र आणा काका, दहा मिनिटांत ज्याचं त्याला करून देतो."

एकत्र आणा म्हणे. दादाचा आणि माझा फोनसुद्धा बंद होता.

कारण आई. दादा खारघरला गेला तेव्हा ठरलं होतं, आईनं तीन महिने माझ्याकडं राहायचं, तीन महिने त्याच्याकडं. जानेवारीच्या शेवटी तो न्यायला निघाला तेव्हा मी फोन करून सांगितलं, आईची शुगर वाढलीय, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. शुगर काही वाढली नव्हती. फेब्रुवारीत परत निघाला तर सांगितलं, नगर रोडला रास्ता रोको आहे. विक्रमनं मोबाईलवर बघितलं, रस्ता मोकळा. तेव्हापासून दादा माझा फोन उचलत नाही, जे काय बोलायचं ते कौशल्याशी बोलतो. आईलाही कळलं होतं. त्या दिवशी तिनं माझ्या हातचा चहा घेतला नाही.

मी खोटं बोललो, हे मी कबूल करतो. पोरगी ऋतुजा लग्न होऊन गेलेली, रान गेलेलं, सकाळी उठून जायला गोठासुद्धा नाही. आई सकाळी ओट्यावर बसून मटार सोलते, मला शिव्या घालते, तेवढाच माझा दिवस. ती गेली आणि तिकडंच रमली, परत आलीच नाही, तर मी काय करू? या भीतीनं मी बोललो. पण या वेळी मनाशी ठरवलं होतं, गुमान जाऊ द्यायचं. खुशीनं धाडली तर तीन महिन्यांनी खुशीनं परत येईल.

मार्चमधल्या एका रविवारी दादा आणि वहिनी आईला न्यायला आले. मी नेमका त्यांना जागा व्हावी म्हणून माझी गाडी मागं घेत होतो. दादाची गाडी फाटकातून आत येऊन शेजारी लागली आणि माझ्यासमोरचा दिवा विझला. पडद्यावर चार चाकांसाठी असलेल्या आडव्या रेघांच्या जागी हवेचे आकडे आले. तेहतीस, तेहतीस, बत्तीस, आणि मागचं डावं चोवीस.

चोवीस. हे आकडे माझे नव्हते, दादाचे होते.

दादा उतरला, माझ्याकडं न बघता आत गेला. कौशल्यानं पोहे टाकले होते. मी गाडी चालू ठेवून बसलो आणि आकडा बघत राहिलो. चहा होईपर्यंत चोवीसचा तेवीस झाला. उतरून मी त्याच्या चाकापाशी उकिडवा बसलो, हातानं चाचपलं. ते जाड टायर, नुसतं हाताला काय कळणार. खाली वाकून खिळा दिसतोय का बघितलं, तर तो भाग जमिनीवर टेकलेला असणार. मान वर केली तर खिडकीत राधा वहिनी. माझ्याकडं बघून आत वळल्या.

मी आत गेलो. दादा बशीतून चहा पीत होता. आई नवं पातळ नेसून, पिशवी मांडीवर घेऊन तयार बसली होती.

मी म्हटलं, "दादा, तुझ्या मागच्या डाव्या चाकातली हवा उतरायलीय. पंक्चर हाय. काढून घे, मग जा."

दादानं बशी खाली ठेवली. "शुगर झाली, रास्ता रोको झाला. आता पंक्चर व्हय?"

"खरंच सांगतोय."

"तुला कसं कळलं?"

"माझ्या गाडीत दिसतंय."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच ते ऐकवेना. तरी मी सांगत सुटलो. सेन्सर, दोन ढीग, बिबवेवाडी, योगेश. तुझ्या गाडीत माझी हवा दिसतीय आणि माझ्या गाडीत तुझी. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या भावानं चुकीचं काम केलं म्हणायचं." मी म्हटलं तसं नाही वहिनी, पण होतं तसंच.

दादा उठला, मला दंडाला धरून बाहेर नेलं, त्याच्या गाडीची किल्ली फिरवली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "वाच."

तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस. माझी चाकं एकदम ठणठणीत होती. दिव्याच्या जागी वहिनीची एक लाल टिकली चिकटवलेली होती. रस्त्यात उगाच पेटतो म्हणून त्यानं दिवाच झाकून टाकला होता.

"ही माझी हवा हाय, दादा."

"हवा पण वाटून घेतली का आता?"

त्यानं मागच्या चाकाला एक लाथ घातली. टायर टणक वाजला. तेवीसवर टायर टणकच वाजतो, पण एक्स्प्रेसवेला शंभरनं धावायला लागला की तोच टायर तापतो आणि फाटतो, हे मी त्याला कसं पटवू? चौकातला पंक्चरवाला रविवारचा बंद. म्हटलं, माझी गाडी घेऊन जा. तर म्हणाला, "सहा महिने दिवा पेटलेली गाडी मला देतोस आणि चांगली ठेवून घेतोस? शहाणाच हायस." म्हटलं, निदान पंपावर थांबून बघ. "बघतो की," म्हणाला. तो 'बघतो की' मी पन्नास वर्षं ऐकत आलोय. त्याचा अर्थ नाही असा होतो.

तोवर कौशल्यानं आईला धरून बाहेर आणलं. मी दारापुढं आडवा उभा राहिलो, हँडल धरून. मला राग यायला लागला होता, आणि राग आला की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की मी खोटाच वाटतो. मी म्हटलं, "आई, बसू नको. गाडी रस्त्यात उलटंल."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "असलं अभद्र बोलू नये रे बाबा. ये बाजूला. तीन महिन्यांत येतीय मी."

मी बाजूला झालो. दुसरं काय करणार होतो? आईला ओढून घरात नेऊ?

ते निघाले तसा मीही गाडी काढली. नगर रोडला त्यांच्या मागं चिकटून चाललो. आकडा दिसत होता, बावीस. हॉर्न देत होतो, दिवे मारत होतो. दादाला वाटलं असेल, पाठलाग करतोय. त्यानं वेग वाढवला. फोन केला, वाजून वाजून बंद पडला. खराडीच्या सिग्नलला तो सुटला आणि मी कंपनीच्या दोन बसच्या मागं अडकलो. बावीसचा एकवीस झाला, मग रेघा आल्या आणि दिवा पेटला.

सिग्नल सुटल्यावर मी येरवड्यापर्यंत गेलो. ते होळकर पुलावरून गेले की बंडगार्डनवरून, काही कळायला मार्ग नव्हता. योगेशला फोन केला. तो म्हणाला, "काका, त्यांना थांबवा." म्हटलं, बाबा, तेच तर करतोय. मग कौशल्याला सांगितलं, तू तुझ्या फोनवरून करून बघ. वहिनींनी एकदा उचलला आणि माझं नाव ऐकून ठेवून दिला. मग मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसलो. स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडलो, सांगायला लाज नाही. सगळं माहीत असून मला काहीच करता येत नव्हतं.

दीड तासानं दादाचा फोन आला. स्वतःहून. उचलायला मला दोनदा बोट लावावं लागलं.

"तळेगावच्या पुढं टायर फाटला," तो म्हणाला. मागून ट्रक जाण्याचे आवाज येत होते. "गाडी कठड्याला घासली. माणसं धड हायेत."

मी देवाचं नाव घेतलं. म्हटलं, "दादा, जिवावरचं टळलं बाबा. मी आलो, तिथंच थांबा."

"येऊ नको." त्याचा आवाज एकदम खाली आला होता. दादा ओरडला की मला भीती वाटत नाही. "खिळा घुसलाय, चांगला बोटाएवढा. राधानं बघितलंय तुला चाकापाशी बसलेलं."

"दादा, तू आलास तेव्हाच हवा चोवीस होती."

"तुला कसं माहीत?"

मी परत सांगायला लागलो. माझ्या गाडीत तुझी हवा दिसते, तुझ्या गाडीत माझी. मधेच मी थांबलो. म्हटलं, आईला दे.

फोन तिच्याकडं गेला. ती धापा टाकत होती, आणि वाऱ्यात तिचा पदर फडफडल्यासारखं ऐकू येत होतं.

"संपत," ती म्हणाली, "आम्ही तिघं व्हतो रे गाडीत."

"आई, मी न्हाई..."

"असू दे. मी जायला नको व्हतं तुला, कळतं मला. माझी कपाटातली बाकीची पातळं पाठवून दे कुणाबरोबर तरी."